वाडीच्या डोक्यावरचं पाणी

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या दरडप्रवण डोंगरांचे नकाशे तयार केले आहेत. त्यांचं प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. चाळीस-पंचेचाळीस घरांची एखादी ठाकूरवाडी उतारावर आडवी पसरली तरी दीडशे मीटर भरेल. नकाशावर ते तीन मिलिमीटर. तांदळाचा दाणा त्याहून लांब असतो.

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. त्यानंतर सरकारने विधिमंडळात सांगितलं, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ते खरंच होतं, आणि त्यातच सगळं आलं. यादी गावांची असते. वाडी ही कुठल्या तरी महसुली गावाची शेपटी. गाव खाली हमरस्त्याजवळ, वाडी वर डोंगरात. गावाला गावठाण, नकाशा, सातबारा, ग्रामपंचायतीची कचेरी. वाडीला पायवाट.

इर्शाळगड मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकांच्या ओळखीचा. सुळका, त्यातलं नेढं म्हणजे आरपार भोक, खाली मोरबे धरणाचा जलाशय. चौक गावाकडून चढून जाताना वाटेत ही वाडी लागायची आणि शहरातली पोरं तिथे पाणी पिऊन पुढे जायची. मोरब्याचं पाणी नवी मुंबईला जातं. ज्या डोंगराच्या अंगावरून ते येतं त्याच डोंगरावर राहणाऱ्यांपर्यंत मात्र वाहनाचा रस्ता पोहोचला नव्हता. दरड आली तेव्हा यंत्रं वर नेता आली नाहीत, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही उतरलं नाही, आणि जवानांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक कर्मचारी चढतानाच हृदयविकाराने गेला. चौथ्या दिवशी, २३ जुलैला, शोध थांबवला गेला. २७ मृतदेह मिळाले होते, ५७ माणसं बेपत्ता. आश्रमशाळेच्या वसतिगृहात असलेली वाडीतली मुलं वाचली. त्यांतल्या काहींना परतायला घरही उरलं नाही आणि आईबापही.

दरड कोसळली की एक प्रश्न हमखास येतो: ही माणसं तिथे राहतातच कशाला? प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असतं. पण उत्तर आहे, आणि ते भूगोलाचं आहे. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक चढलेले थर. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून माची होते. वरून शतकानुशतकं निखळत आलेली दगडमाती कड्याच्या पायथ्याशी साठते. कातळाच्या फटींतून उतरलेलं पाणी या ढिगाऱ्याच्या तोंडाशी झरा होऊन बाहेर पडतं. म्हणजे नाचणी-वरी पिकवण्याइतकी माती इथे, बारमाही नाही तरी शिमग्यापर्यंत टिकणारं पाणी इथे, गुरांना चरायला माळ इथे, आणि कारवीचं रान हाताशी. जुनी दरड हीच पुढच्या पिढ्यांची जमीन होते. ठाकूर-कातकरी आदिवासींनी जागा चुकीची निवडली नाही. खालची भातखाचरं केव्हाच इतरांच्या नावावर झाली होती, आणि उरलेल्या डोंगरात राहता येण्यासारखी जागा हीच होती.

अशा जागेवर पाऊस काय करतो ते आकड्यांत पाहू. सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे इर्शाळवाडीच्या परिसरात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला. एका हेक्टरवर हे जवळपास पन्नास लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पाचशे टँकर एका हेक्टरवर रिकामे केले तर तेवढं होईल. त्यातलं काही वाहून जातं, बाकीचं ढिगाऱ्यात शिरतं. खाली अभेद्य कातळ असल्यामुळे ते तिथे अडतं, मातीच्या कणांमधला दाब वाढवतं, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. डोंगर पडत नाही, सुटतो.

हे झालं निसर्गाचं पाणी. वाडी स्वतःही पाणी सोडते, आणि त्याकडे कुणी पाहत नाही.

उतारावर घर बसवायचं तर मागची माती कापून पुढे टाकावी लागते. मागे उभी कापणी, पुढे भराव. घराची मागची भिंत आणि कापलेली माती यांच्यात हात-दीड हाताची सांदी राहते. पाखीच्या पागोळ्या तिथे पडतात. त्या सांदीत लाकडं रचलेली, फुटकी कौलं, कोंबड्यांचं खुराडं, जुनी पत्र्याची पेटी. पावसाचं पाणी तिथे शिरलं की बाहेर यायला वाट नाही, ते तिथेच मुरतं. तीस चौरस मीटरच्या छपरावर तीन दिवसांत पाचशे मिलिमीटर पडला तर पंधरा हजार लिटर. चाळीस छपरांचं सहा लाख. आणि खालच्या घराची मागची कापणी म्हणजे वरच्या घराच्या भरावाचा पायथा. वरच्या मोरीचं पाणी खालच्याच्या पाठीत.

पूर्वीचं कुडाचं घर हलकं होतं. कारवीच्या काठ्या, शेणमातीचा लिंपा, गवत किंवा कौलं. ते लहान, त्याला कापणीही कमी. आता घरकुल योजनेतून पक्कं घर मिळतं, आणि मिळायलाच हवं. कुडात राहणं हे काही कुणाचं व्रत नाही. पण किमान २५ चौरस मीटरच्या घराचा एकच साचा सपाटीवरच्या गावाला आणि उतारावरच्या वाडीला चालतो असं आपण गृहीत धरतो. तीन फुटाला एक फूट चढ असलेल्या उतारावर पाच मीटर खोलीचं जोतं निव्वळ कापून काढायचं तर मागे सुमारे साडेपाच फुटांची उभी भिंत तयार होते. तेच घर समपातळीला लांबट ठेवलं, तीन मीटर खोल आणि सव्वाआठ मीटर लांब, तर कापणी मीटरभरावर येते. क्षेत्रफळ तेवढंच, सिमेंटही जवळपास तेवढंच. फरक एवढाच, की कागदावर घर काढणाऱ्याने उतार पाहिलेला असतो.

नळाचीही तीच गोष्ट. जल जीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर. बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले तर त्याविरुद्ध बोलणारा माणूस कधी हंडा घेऊन चढलेला नसणार. तरी हिशेब करावाच लागतो: दोनशे माणसांच्या वाडीत रोज अकरा हजार लिटर पाणी वर चढतं, वापरलं जातं आणि उतारात सोडलं जातं. नळाच्या अंदाजपत्रकात टाकी असते, पाइप असतो, मीटर असतो. मोरीचं पाणी कुठे जाणार याचा रकाना बहुधा नसतो.

महाराष्ट्रात पाण्याची एक घोषणा लहान मुलालाही पाठ आहे: पाणी अडवा, पाणी जिरवा. माळरानावर, दुष्काळी तालुक्यात ती बरोबरच आहे. सलग समतल चर खणले, पाणी थांबलं, विहिरींना पाझर फुटला, हे खरं आहे. पण वस्तीच्या डोक्यावरच्या ढिगाऱ्यात समतल चर खणून पाणी जिरवणं म्हणजे दरडीला आमंत्रण. तिथे उलट काम हवं: पाणी वळवा, पाणी घालवा. पाहणाऱ्याला दोन्ही चर सारखेच दिसतात. फरक फक्त तळाच्या उताराचा. समतल चराचा तळ सपाट, त्यात पाणी उभं राहतं. वळवणीच्या चराला शंभर फुटांत फूट-दोन फूट ढाळ द्यायचा, तळाला दगड बसवायचे, आणि पाणी वाडीच्या कडेने नैसर्गिक ओहोळात सोडायचं. कामाचं अंदाजपत्रक करणाऱ्या कचेरीत हा फरक कुणाला ठाऊक असेल तर उत्तम. नसेल तर घोषणेप्रमाणे काम होतं.

ढाळ मोजायला यंत्र लागत नाही. तीन काठ्या बांधून केलेला इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा सांगाडा, मध्ये दगडाचा ओळंबा, किंवा गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी. पाणलोटाच्या कामात हे सगळं महाराष्ट्राने कधीच शिकून घेतलेलं आहे.

कॅरिबियन समुद्रात सेंट लुसिया नावाचं दोन लाखांहून कमी वस्तीचं बेट आहे. कॅस्ट्रीज या राजधानीभोवतीचे डोंगर अनधिकृत वस्त्यांनी भरलेले, आणि वादळी पावसात दर वेळी दरडी. २००४पासून माल्कम अँडरसन आणि लिझ होलकॉम या ब्रिटिश अभियंत्यांनी तिथल्या सरकारी खात्यांबरोबर आणि रहिवाशांबरोबर एक पद्धत बसवली. आधी वस्तीतल्या लोकांबरोबर उतार पायी फिरायचा. पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुणाच्या घरामागे माती ओली राहते, हे लोकांकडून ऐकून नकाशावर मांडायचं. मग वस्तीच्या वरच्या अंगाला आडवे चर, घरांच्या छपरांना पन्हळी, मोरीच्या पाण्याला नळ्या. कामं वस्तीतल्याच लोकांना छोट्या ठेक्यांनी द्यायची. २०१०च्या ऑक्टोबरअखेरीस टोमास वादळ आलं. बेटावर दरडींनी मोठी हानी केली. चर बांधलेले उतार मात्र टिकले, अशी नोंद या अभियंत्यांनी केली. पुढे जागतिक बँकेने ही पद्धत पुस्तकरूपाने छापली. रिओ दि जानेरोने १९८६पासून वस्त्यांच्या वरचे बोडके डोंगर वस्तीतल्याच लोकांना मजुरी देऊन झाडांनी भरायला घेतले. हाँगकाँगने १९७२च्या दरडींत दीडशेच्या आसपास माणसं गमावल्यावर १९७७मध्ये फक्त उतारांसाठी एक सरकारी कार्यालय काढलं. रोजगार हमीचा कायदा १९७७मध्येच करणाऱ्या महाराष्ट्राला ‘लोकांना मजुरी देऊन त्यांच्याच उताराचं काम’ ही कल्पना नवी वाटू नये.

लोकसहभाग हा शब्द अहवालात गोड वाटतो. उतारावर तो भांडणाचा विषय आहे. वरच्या आळीचं पाणी वळवून जिथे सोडाल तिथे कुणाचं तरी खाचर असतं. त्याचा बांध फुटला तर भरून कोण देणार? चराच्या आड येणारं आंब्याचं झाड कुणाचं? मागच्या सांदीतलं खुराडं हलवायचं तर कोंबड्या रात्री कुठे ठेवायच्या, रानमांजर आलं तर? हे प्रश्न बाहेरून आलेल्या माणसाला किरकोळ वाटतात. चर दोन पावसाळ्यांनंतर जिवंत आहे की पालापाचोळ्याने बुजला आहे, हे याच प्रश्नांवर ठरतं. म्हणून पहिली बैठक कोरड्या दिवसांत समाजमंदिरात घेण्यापेक्षा जूनच्या पहिल्या दमदार पावसात उतारावर फिरत घ्यावी. पाणी कुठून येतं हे तेव्हा वाद घालून ठरवावं लागत नाही. आणि त्या फेरीत बायका पुढे हव्यात. कुठला झरा फक्त आषाढात फुटतो, कुणाच्या चुलीजवळची जमीन श्रावणभर ओल धरते, गेल्या वर्षी कुणाचं दार अचानक घट्ट बसायला लागलं, हे त्यांना माहीत असतं. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, अंगणात भेग पडणं, खांब-झाडं कलणं, दारं अडकणं: भूवैज्ञानिक दरडीच्या पूर्वखुणा म्हणून जी यादी देतात ती बहुतेक घरकामातूनच दिसणारी आहे.

वाडीतल्या वाटाही याच कामात येतात. तीव्र उतारावरून पाणी खाली न्यायचं तर दगडी पायऱ्यांचा चर करावा लागतो, म्हणजे पाण्याचा वेग मोडतो. त्याच्याच कडेला माणसांच्या पायऱ्या काढल्या तर एका खर्चात दोन कामं, आणि चर रोज डोळ्यांसमोर राहतो. रोज दिसणारा चर साफ होतो. रानात दूर असलेला होत नाही. मजुरी जास्त, साहित्य कमी असं हे काम रोजगार हमीच्या साच्यात नीट बसतं; दगड तिथलाच, हात तिथलेच.

झाडांबद्दल आपल्याकडे भाबडेपणा फार. दरड आली की दुसऱ्या महिन्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम होतो, खड्डे होतात, फोटो होतात. मुळं वरची एक-दोन मीटर माती बांधून ठेवतात, हे मोठं काम आहे, पण सरकता थर त्याहून खोल असेल तर जंगलासकट डोंगर उतरतो. तरी काय लावावं हे महत्त्वाचं आहेच. वाळा हे आपल्या ओहोळाकाठचं गवत. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खोल जातात. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी धूप रोखायला त्याचा जगभर प्रचार केला, तेव्हा त्यांना कर्नाटकात गुंडलुपेटच्या भागात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा राखत असल्याचं दिसलं होतं. चराच्या खालच्या काठाला वाळ्याची ओळ, कापणीच्या डोक्यावर निरगुडीच्या आणि पांगाऱ्याच्या फांद्या रोवून केलेलं जिवंत कुंपण (दोन्ही नुसती फांदी खोचली तरी धरतात, आणि निरगुडीला गुरं तोंड लावत नाहीत), वरच्या तीव्र उतारावर कारवीचं रान राखलेलं. शेत भाजायच्या राबासाठी झाडं कुठली छाटायची आणि वस्तीच्या डोक्यावरची कुठली सोडायची, हे वाडीनेच ठरवायचं. रोपवाटिकेतून आणलेल्या गुलमोहरापेक्षा हे स्वस्त आणि टिकाऊ. फोटो मात्र चांगला येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चर खणला असता तर इर्शाळवाडी वाचली असती, असं मी म्हणत नाही. वस्तीच्या कितीतरी वर, उंच तीव्र उतारावरून सुटलेल्या ढिगाऱ्यापुढे गुडघाभर चराचं काही चालत नाही. सेंट लुसियाची पद्धतही पावसाने होणाऱ्या उथळ घसरणीपुरतीच आहे. म्हणून पहिला निवाडा असा, की कुठली वाडी जागच्या जागी सुरक्षित करता येते आणि कुठली हलवलीच पाहिजे. त्यासाठी तीन मिलिमीटरचा नकाशा उपयोगाचा नाही, प्रत्येक वाडीवर भूवैज्ञानिकाने चढून जायला हवं. जुलै २०२४मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झालं, ते चांगलंच आहे. पण डोंगरावरचा पाऊस आणि तालुक्याच्या गावचा पाऊस यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. वाडीच्या शाळेत एक साधं पर्जन्यमापक, रोज आकडा लिहिणारी सातवीतली मुलगी, अमुक आकडा ओलांडला की रात्र कुठल्या पक्क्या जागी काढायची ते आधी ठरलेलं, आणि तिथवर अंधारात जाता येईल अशी वाट. रिओच्या डोंगरवस्त्यांत २०११पासून भोंगे आहेत. भोंग्यापेक्षाही, वाजल्यावर जायचं कुठे हे ठरलेलं असणं जास्त महत्त्वाचं.

हलवायचं ठरलं तरी जमिनीचा प्रश्न सुटत नाही, तो दुसऱ्या उतारावर जातो. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. आमडे इथे नवं माळीण वसवलं, एप्रिल २०१७मध्ये थाटात लोकार्पण झालं. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथला भराव खचला, रस्त्यांना आणि गटारांना तडे गेले. घरं विचारपूर्वक बांधली होती, शाळा होती, सगळं होतं. पण डोंगर कापून सपाटी केली, आणि त्या मातीला नीट बसायला पुरेसा वेळ मिळाला नाही. महाड तालुक्यातलं तळीये २२ जुलै २०२१ला गेलं. त्याआधी २५-२६ जुलै २००५ला त्याच तालुक्यातली दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. इर्शाळवाडीचे लोक आधी कंटेनरमध्ये राहिले, मग सिडकोने चौकजवळ त्यांच्यासाठी वसाहत बांधली. प्रत्येक वेळी चर्चा घराच्या चौरस फुटांची होते. बकऱ्या कुठे बांधायच्या, डोंगरातल्या वरकस जमिनीत पेरायला कोण वर जाणार, नव्या अंगणात शेवग्याला जागा आहे का, पागोळीचं पाणी कुणीकडे जातं, हे नकाशात नसतं.

आता कायद्याचं. बहुतेक वाड्यांखालची जमीन वनखात्याची. २००६च्या वनहक्क कायद्यात सर्वेक्षण न झालेल्या वनवस्त्यांना महसुली गावाचा दर्जा देण्याची तरतूद आहे. रस्ता, शाळा, लहान पाणीसाठे यांच्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीने हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याचीही आहे. सप्टेंबर २०२०मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून वनहक्कधारक कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची वाट मोकळी केली. मात्र ती अनुसूचित क्षेत्रापुरती. रायगड जिल्ह्याचा एकही तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. कर्जतच्या खांडसवरून भीमाशंकरचा घाट चढून पलीकडे गेलं की आंबेगावातल्या आदिवासी गावांना अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा लागू. अलीकडच्या उतारावरच्या ठाकूरवाड्यांना नाही. डोंगर एकच, पाऊस एकच, सरकणारी मातीही तीच. वाडीने स्वतःहून सुरक्षित सपाटीवर खाली यायचं ठरवलं तर ते अतिक्रमण ठरतं. दरम्यान कर्जत-खालापुरात ‘हिल व्ह्यू’ बंगल्यांच्या पाट्या रस्तोरस्ती लागलेल्या असतात, आणि त्या बंगल्यांसाठी डोंगर कापायला पोकलेन वरपर्यंत पोहोचतो. जो इर्शाळवाडीला पोहोचू शकला नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. चर खणायचे, दगड बसवायचे, सांद्या मोकळ्या करायच्या ते डिसेंबर ते मे. माती कोरडी, ओहोळ आटलेले, कामाला मोसम हाच. पण कर्जत-खालापुरातली कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर निघतात, मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आणि परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे वाडीचा उतार दुरुस्त करायचे महिने आणि वाडी ओस पडायचे महिने तेच. दिवाळीच्या आत कामं मंजूर झाली, मजुरी आठवड्याला हातात पडली आणि उचलीची गरज तेवढी कमी झाली, तर निम्मी घरं तरी थांबतील. त्यासाठी पंचायत समितीने आराखडा सप्टेंबरात घ्यायला हवा, वनखात्याची संमती ऑक्टोबरात यायला हवी, आणि दोन्ही कचेऱ्यांतल्या कुणी तरी जुलैत, भर पावसात, वाडीवर एकदा चढून आलेलं असायला हवं.